फ्रिड्रिख विल्हेल्म रायफायझन : शेतकऱ्यांच्या पतपेढीचे जनक

आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्ण महोत्सवानिमित्त ही स्मरणिका वाचकांच्या हाती देताना महोत्सव ह्या शब्दामागील जुन्या अर्थाकडे प्रथम लक्ष वेधणे आम्हांस उचित वाटते. जुन्या करारातील लेवीय ह्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात योबेल वर्षाचा विधी सांगितला आहे. सात वर्षांची सात आवर्तने सरली म्हणजे पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकावे. ज्याची जमीन दारिद्र्यामुळे दुसऱ्याकडे गेली असेल त्यास ती परत मिळावी. आणि जो पोटासाठी दुसऱ्याचा बांधील झाला असेल त्याने मोकळे होऊन आपल्या घरी जावे, अशी ती आज्ञा होती. तेव्हा पन्नासावे वर्ष हे मुळात केवळ पताकांचे व मिरवणुकीचे नव्हे, तर शेतकऱ्याच्या जमिनीचे आणि त्याच्या ऋणमुक्तीचे वर्ष होय.

शेतीचे उत्पन्न कसे वाढवावे ह्याविषयी आज उपदेशाची वाण नाही. उत्तम बी, योग्य खत, माफक पाणी, वेळेवर मशागत ह्यांची महती प्रत्येक शेतकरी जाणतो. परंतु ह्या सर्वांस पैसा लागतो, आणि तो नेमका पेरणीच्या वेळी, म्हणजे घरात दमडी नसते तेव्हा लागतो. तो महाग मिळाला तर पीक कितीही चांगले येवो, खळ्यावरच ते दुसऱ्याचे होते. शेतातून निघालेले उत्पन्न शेतकऱ्याच्या घरापर्यंत का पोहोचत नाही, ह्या प्रश्नाचा ज्यांनी आयुष्यभर छडा लावला आणि ज्यांच्या उत्तराने जगातील लक्षावधी शेतकरी कुटुंबे सावरली, त्या फ्रिड्रिख विल्हेल्म रायफायझन यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो. ते कॅथलिक नव्हते, धर्मगुरूही नव्हते. प्रॉटेस्टंट पंथाचे एक श्रद्धावान गृहस्थ व खेड्यातील सरकारी कारभारी होते. तरीपण त्यांच्या कार्याचा धर्मग्रामाशी किती निकटचा संबंध आहे हे वाचकांस पुढे दिसून येईलच.

बालपण व शिक्षण

जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या पूर्वेस वेस्टरवाल्ड नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथील जमीन हलकी, हवा थंड आणि शेते लहान. ह्या मुलखात सीग नदीच्या काठी हाम नावाचे गाव आहे. तेथे ३० मार्च १८१८ रोजी फ्रिड्रिखचा जन्म झाला. नऊ भावंडांत तो सातवा. वडील शेती करीत व काही काळ गावचा कारभारही पाहत. परंतु दुखण्याने त्यांचे काम सुटले आणि घरावर गरिबीची छाया पडली. अशा स्थितीत आई आमाली हिने मोठ्या धैर्याने व भक्तिभावाने मुलांचे संगोपन केले.

प्राथमिक शिक्षण संपल्यावर पुढील शाळेस धाडण्याची घरची ऐपत नव्हती. तेव्हा गावचे पाळक झाइपेल, जे ह्या मुलाचे धर्मपिताही होते, त्यांनी त्यास सुमारे तीन वर्षे स्वतः शिकविले. विद्यापीठाचे तोंड ह्या मुलाने कधी पाहिले नाही. गरजू बुद्धिमान मुलास एका धर्मोपदेशकाने आपल्या घरी दिलेली ती तीन वर्षे पुढे किती फळास आली, हे पाहिले म्हणजे शिक्षणदानाचे पुण्य केवढे मोठे ते कळते.

१८३५ साली, सतरा वर्षांचे असता, रायफायझन कोलोन शहरी तोफखान्यात दाखल झाले. तेथे त्यांस बढतीची आशा होती. पण डोळ्यांचा विकार जडला आणि १८४३ साली सैन्यातील नोकरी सोडावी लागली. पुढे ते मुलकी खात्यात शिरले आणि १८४५ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, वायरबुश व आसपासच्या लहान गावांचे कारभारी नेमले गेले. त्याच वर्षी एमिली श्टॉर्क ह्या सुशील मुलीशी त्यांचा विवाह झाला.

दुष्काळाचा हिवाळा

नवा कारभारी गावात रुळतो न रुळतो तोच संकट कोसळले. १८४५ सालापासून युरोपात बटाट्यावर करपा पडू लागला होता. १८४६ साली धान्यही बुडाले. बटाटा व राय हेच वेस्टरवाल्डमधील गरिबांचे अन्न. १८४६-४७ च्या हिवाळ्यात भाव असे कडाडले की मजुरास भाकरी दिसेनाशी झाली.

सरकारने दुष्काळासाठी पीठ पाठविले. परंतु ते रोख पैसे घेऊनच द्यावे असा हुकूम होता. ज्यांच्यापाशी रोकड होती त्यांस सरकारी पिठाची गरज नव्हती, आणि ज्यांस गरज होती त्यांच्यापाशी रोकड नव्हती. रायफायझन यांनी हुकमाची अक्षरे बाजूस ठेवून ते पीठ गरिबांस उधार दिले. नंतर गावातील सुखवस्तू लोकांस गोळा करून त्यांनी भाकरीमंडळ स्थापिले. त्यांच्या पैशातून धान्य आणविले, गावाची सामाईक भट्टी बांधली, आणि पाव बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्या किमतीत व उधारीवर मिळू लागला. पुढील पेरणीसाठी बटाट्याचे बेणेही मंडळाने पुरविले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. रायफायझन यांनी पाव फुकट वाटला नाही. गरिबाने आपल्या नावावर उधारी लिहून घ्यावी आणि हात चालू लागला म्हणजे ती फेडावी, असा त्यांचा दंडक होता. माणसाचे पोट भरावे पण त्याची मानही ताठ राहावी, ही त्यांची दृष्टी पहिल्यापासून होती.

ह्याच काळात त्यांनी शाळा बांधविली आणि ऱ्हाइनकडे जाणारा रस्ता हाती घेतला. डोंगरातला माल नदीकाठच्या बाजारास पोहोचत नसेल तर पिकाची किंमत बांधावर येणारा व्यापारी ठरवील, हे त्यांनी ओळखले होते.

गाईचे कर्ज

१८४८ साली त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथे झाली. तिसाहून अधिक लहान गावे त्यांच्या हाताखाली आली. येथे दुष्काळ नव्हता. पण एक हळू मारणारा रोग होता. तो म्हणजे गुरांची सावकारी.

लहान शेतकऱ्यास गाय म्हणजे सर्वस्व. तिचे दूध घरास, वासरू विक्रीस, शेण शेतास, आणि बैल परवडत नसेल तर नांगरासही तीच जुंपावयाची. परंतु गाय विकत घेण्यास पैसा नसल्यामुळे शेतकरी गुरांच्या व्यापाऱ्याकडून ती वाट्याने घेई. चारा शेतकऱ्याचा, राबणूक शेतकऱ्याची; पण गाय व्यापाऱ्याची आणि नफ्यात त्याचा वाटा. गाय पोसून दुधावर आली की व्यापारी ती काढून नेई व दुसरी रोडकी आणून बांधी. असा हा शेतकरी जन्मभर दुसऱ्याची गुरे पोसून स्वतः पोरका राही. गाय उधार घेतली तर व्याजाचे ओझे असे चढे की शेवटी गाईबरोबर जमीनही जाई.

१८४९ साली रायफायझन यांनी गरीब शेतकऱ्यांच्या साहाय्यासाठी एक मंडळ उभारिले. त्यात सुमारे साठ सुखवस्तू गृहस्थांनी आपली सर्व मालमत्ता एकत्र तारण म्हणून बांधून घेतली. त्यांच्या पतीवर बाहेरून सवलतीच्या व्याजाने रक्कम मिळाली. मंडळाने गाई विकत घेऊन शेतकऱ्यांस दिल्या आणि किंमत पाच वर्षांच्या हप्त्यांनी फेडून घेतली.

पाच वर्षेच का, ह्याचा वाचकांनी विचार करावा. गाय एका वर्षात आपली किंमत देत नाही. ती दूध व वासरे ह्यांच्या रूपाने चार-पाच वर्षांत देते. म्हणून हप्ता गाईच्या कमाईतूनच फिटला पाहिजे, शेतकऱ्याच्या पोटातून नव्हे. सावकाराचे कर्ज सावकाराच्या सोयीने मागितले जाते. रायफायझन यांचे कर्ज शेतीच्या गतीने चाले. पुढे मंडळ गाईऐवजी रोख रक्कमही देऊ लागले.

दानाकडून सहकाराकडे

१८५२ साली रायफायझन नॉयवीड शहराजवळील हेडेस्डॉर्फ येथे गेले. तेथे १८५४ साली त्यांनी एक परोपकारी मंडळ काढिले. हयगय झालेल्या मुलांचे पालन, बंदिवासातून सुटलेल्यांस काम, लोकांसाठी ग्रंथालय आणि शेतकऱ्यांस कर्ज, असे त्याचे अनेक उद्देश होते. उद्देश थोर होते. पण काही वर्षांत मंडळ खालावले. एकामागून एक शाखा बंद पडून अखेर कर्जाचीच तेवढी उरली, आणि तीही चालविणारे श्रीमंत सभासद कंटाळू लागले. ज्या कर्जातून त्यांस काही लाभ नाही त्याच्यासाठी आपली मालमत्ता किती दिवस बांधून ठेवावी, असा प्रश्न त्यांच्या मनात येऊ लागला.

रायफायझन यांच्या आयुष्यातील ही मोठी कसोटी होय. धनवानांनी ख्रिस्ती प्रीतीने पुढाकार घ्यावा आणि गरिबांस हात द्यावा, ही त्यांची मनोमन श्रद्धा होती. ती सोडणे त्यांच्या जिवावर आले. परंतु पंधरा वर्षांच्या अनुभवाने त्यांस शिकविले की दानावर उभारलेले काम दात्याच्या उत्साहाबरोबर वाढते व त्याच्याच बरोबर ओसरते. ज्यास कर्ज हवे त्यानेच सभासद व्हावे, त्यानेच जामीन राहावे, आणि त्यानेच कारभारही पाहावा, तरच संस्था टिकेल. ह्या तत्त्वावर १८६२ साली आनहाउझेन येथे पतपेढी उभी राहिली आणि १८६४ साली हेडेस्डॉर्फच्या जुन्या मंडळाचे रूपांतर कर्जपेढीत झाले. खेड्यातील सहकारी पतसंस्थेचा जन्म तो हाच. श्रीमंतांस त्यांनी दूर केले नाही. मात्र आता ते दाते म्हणून नव्हे, शेजारी म्हणून आत आले.

पतपेढीचे नियम

ह्या पेढ्यांचे नियम साधे होते; पण प्रत्येकामागे शेतीचा व मनुष्यस्वभावाचा खोल अभ्यास होता. ते आम्ही क्रमाने देतो.

पहिला नियम असा की पेढीचे क्षेत्र लहान असावे; होता होईल तो एका धर्मग्रामापुरतेच. एकाच देवळात उपासनेस येणारी, एकमेकांच्या बांधावरून जाणारी माणसे परस्परांस ओळखतात. कोण कष्टाळू, कोण उधळ्या, कोणाच्या घरी आजारपण आहे, हे तेथे कागदपत्रांवाचून कळते. ही ओळख हेच पेढीचे खरे तारण.

दुसरा नियम अमर्याद जबाबदारीचा. पेढीच्या देण्यास प्रत्येक सभासद आपल्या सर्व मालमत्तेनिशी बांधलेला असे. हे ऐकून मनुष्य दचकेल. पण गरिबास पत मिळवून देणारी किल्ली हीच होती. दोन एकरांच्या एकट्या धन्यास शहरातील पेढी दारात उभी करीत नाही. पन्नास जण एकमेकांसाठी बांधून घेतात तेव्हा त्यांची एकत्र जमीन व एकत्र अब्रू मोठी होते आणि पैसा माफक व्याजाने मिळतो. शिवाय शेजाऱ्याचे कर्ज बुडाले तर आपलेही घर धोक्यात येईल, ह्या जाणिवेने प्रत्येक जण जागा राहतो.

तिसरा नियम असा की कर्ज केवळ उत्पादक कामासाठीच द्यावे आणि ते त्याच कामी लागले की नाही हे पाहावे. गुरे, बी, खत, अवजारे, जमिनीची सुधारणा ही कामे योग्य; मेजवानी व डामडौल ही नव्हेत.

चौथा नियम मुदतीचा. ज्या वस्तूसाठी कर्ज, तिच्या कमाईच्या काळाइतकी मुदत. बियाण्याचे कर्ज पिकावर फिटावे, गाईचे काही वर्षांत, जमीनसुधारणेचे त्याहून अधिक काळात.

पाचवा नियम असा की नफा वाटून घेऊ नये. उरलेली रक्कम एका अखंड राखीव निधीत जावी आणि तो निधी सभासदांनी कधीही आपसात वाटू नये. वाईट वर्षी तोच पेढीस तारतो आणि पुढील पिढीस कर्ज स्वस्त करितो.

सहावा नियम असा की पंचमंडळाने विनावेतन काम करावे. हिशेब ठेवणाऱ्यासच काय ती अल्प मजुरी द्यावी.

सातवा नियम असा की पेढीने केवळ कर्ज देऊन थांबू नये. ठेवी स्वीकाराव्या, लहानसहान बचतीची सवय लावावी, आणि खते, बियाणे व अवजारे सभासदांसाठी एकत्र विकत घ्यावी. एकेकट्याने घेतलेले खत महाग पडते व भेसळीचे निघते. गाडीभर एकदम घेणारास व्यापारी फसवू धजत नाही. विक्रीचेही तसेच. त्याच काळात, १८६८ साली, आर नदीच्या खोऱ्यातील मायशॉस येथील द्राक्षबागाइतदारांनी एकत्र येऊन आपला द्राक्षारस स्वतः विकण्यास आरंभ केला होता.

विरोध व अखेरचे दिवस

१८६३ साली पत्नी एमिली निवर्तली. पुढे प्रकृती ढासळली, दृष्टी जवळजवळ गेली, आणि १८६५ साली, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, रायफायझन यांस सरकारी नोकरीतून निवृत्त व्हावे लागले. निवृत्तिवेतन तुटपुंजे, संसार चालविण्यासाठी त्यांनी द्राक्षारसाचा व्यापार केला. दुसरा कोणी असता तर येथेच थांबला असता. पण ह्याच अवस्थेत त्यांनी आपल्या अनुभवाचे पुस्तक सिद्ध केले व ते १८६६ साली प्रसिद्ध झाले. थोरली कन्या आमाली हीच त्यांचे डोळे व त्यांचा हात झाली. ती त्यांस वाचून दाखवी, त्यांची पत्रे लिही. ते पुस्तक गावोगाव गेले आणि त्याबरहुकूम पेढ्या निघू लागल्या.

विरोधही झाला. शहरातील कारागीर व दुकानदार ह्यांच्या पेढ्यांचे प्रवर्तक हेर्मान शुल्झे-डेलिट्श हे त्या काळचे मोठे नाव. त्यांचे म्हणणे असे की ठेवी अल्प मुदतीच्या आणि कर्जे दीर्घ मुदतीची, हा व्यवहार धोक्याचा आहे. भागभांडवल असावे व त्यावर लाभांश द्यावा. आक्षेप पोकळ नव्हता. शहरातील दुकानदाराचा पैसा तीन महिन्यांत फिरतो; शेतकऱ्याचा फिरण्यास ऋतू व वर्षे लागतात. दोघेही आपापल्या माणसांपुरते बरोबर होते. पुढे रायफायझन यांच्या पेढ्यांसही भाग काढणे भाग पडले. पण ते त्यांनी अगदी लहान ठेविले आणि राखीव निधीचे तत्त्व सोडिले नाही.

ठेवी व कर्जे ह्यांचा मेळ घालण्यासाठी त्यांनी १८७२ साली नॉयवीड येथे मध्यवर्ती पेढी स्थापिली. एका गावी पेरणीस पैसा हवा असतो तेव्हा दुसऱ्या गावी पीक विकून ठेवी आलेल्या असतात. दोहोंच्या मध्ये एक हौद असावा, ही त्यामागील कल्पना. पुढे कायद्याच्या अडचणी आल्यामुळे १८७६ साली तीस नवे रूप द्यावे लागले.

ह्या थोर पुरुषाच्या ठिकाणी दोषही होता आणि तो लपविणे आम्हांस योग्य वाटत नाही. त्या काळच्या अनेकांप्रमाणे यहूदी लोकांविषयी त्यांच्या मनात पूर्वग्रह होता आणि तो त्यांच्या लिखाणात उतरला आहे. सावकारी हे कोणा एका जातीचे वा धर्माचे पाप नव्हे. गरजवंताची अडवणूक करणारा हात कोणत्याही धर्माच्या माणसाचा असू शकतो. परमेश्वराची योजना अशी की पुढे इटलीत रायफायझन यांच्या धर्तीची पहिली पेढी काढणारे गृहस्थ यहूदीच होते.

११ मार्च १८८८ रोजी, सत्तरावा वाढदिवस काही दिवसांवर आला असता, रायफायझन यांनी नॉयवीड येथे देह ठेविला. तोपर्यंत चारशेहून अधिक पेढ्या त्यांच्या संघात सामील झाल्या होत्या.

विचाराचा प्रसार

वर उल्लेखिलेले यहूदी गृहस्थ लेओने वोलेम्बोर्ग यांनी १८८३ साली पादुआजवळील लोरेज्जा गावी पेढी काढिली. १८९० साली व्हेनिसच्या बाजूस गांबारारे येथे फादर लुइजी चेरुत्ती यांनी पहिली कॅथलिक ग्रामीण पेढी उभारिली. पुढल्याच वर्षी पोप तेरावे लिओ यांचे श्रमिकांच्या स्थितीविषयीचे परिपत्रक प्रसिद्ध झाले आणि अनेक धर्मगुरूंनी हे कार्य आपल्या धर्मग्रामाचे कर्तव्य मानिले.

आपल्या देशास तर ह्याची निकड फार होती. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांवर उठून त्यांचे दस्तऐवज जाळिले. ते लोण दख्खनच्या इतर काही गावांतही पसरले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याने सावकारास आळा बसला, पण शेतकऱ्यास स्वस्त पैसा मिळाला नाही. सर विल्यम वेडरबर्न यांनी पुणे जिल्ह्यासाठी शेतकी पेढीची योजना पुढे आणिली व न्यायमूर्ती रानडे यांनी तिचा पुरस्कार केला. विलायतेतून तीस संमती आली नाही. नंतर मद्रास सरकारने फ्रेडरिक निकलसन यांस युरोपातील पद्धती अभ्यासण्यास सांगितले. १८९५ ते १८९७ च्या दरम्यान प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या विस्तृत अहवालाचे सार इतकेच होते की ह्या देशाने आपला रायफायझन शोधून काढावा. त्यातूनच १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यात ग्रामीण संस्थांसाठी अमर्याद जबाबदारी व राखीव निधी ही रायफायझन यांची तत्त्वे घातली होती. १९०५ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील धारवाड जिल्ह्यात कणगिनहाळ येथे शेतकऱ्यांची संस्था निघाली; ह्या देशातील अशा पहिल्या संस्थांत तिची गणना होते.

कॅथलिक समाजही मागे राहिला नाही. छोटा नागपूरच्या आदिवासी बांधवांची जमीन सावकारांच्या घशात जात असल्याचे पाहून जर्मन येशूसंघीय फादर जॉन बॅप्टिस्ट हॉफमन यांनी १९०९ साली तेथे कॅथलिक सहकारी पतसंस्था स्थापिली. पहिल्या महायुद्धात, १९१५ साली, जर्मन म्हणून त्यांस देश सोडावा लागला. संस्था मात्र टिकली. आपल्या वसईस १९१८ साली मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांच्या पुढाकाराने कॅथलिक सहकारी पेढीचा पाया घातला गेला. आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील लोणी गावी विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ साली काढलेल्या लहानशा पतसंस्थेतूनच पुढे, धनंजयराव गाडगीळ यांच्या साहाय्याने, १९५० साली प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. वेस्टरवाल्डच्या गाईपासून प्रवरेच्या उसापर्यंतची ही वाट सरळ आहे.

ह्या चरित्रापासून आम्ही काय घ्यावे

आता ज्या वाचकांची उपजीविका शेतीवर आहे त्यांस, आणि ज्यांची नाही त्यांसही, चार शब्द.

कर्ज काढण्यापूर्वी कागद घेऊन बसावे. हा पैसा कोठे लागणार, त्यातून किती अधिक निपजणार, ते कधी हाती येणार, आणि व्याज वजा जाता काय उरणार, हे लिहून काढावे. जे कर्ज स्वतःस फेडू शकत नाही ते शेतीच्या नावाने घेऊ नये. पिकाच्या नावाने रक्कम उचलावयाची व ती लग्नकार्याच्या मांडवात घालावयाची, ह्या रीतीने किती बागा व किती विहिरी परक्या झाल्या हे प्रत्येक गावास ठाऊक आहे. लग्न साजरे व्हावे. पण ते साठविलेल्या पैशातून, आणि अंथरूण पाहून.

खरेदी एकट्याने करू नये. दहा घरांनी मिळून खत व बियाणे घेतले तर भावही उतरतो आणि मालही पारखून मिळतो. फवारणीची यंत्रे प्रत्येकाने घेऊन गंजत ठेवण्यापेक्षा वाडीत एकच असावे व पाळीपाळीने वापरावे. विक्रीतही हाच न्याय लावावा. भाजीपाला, दूध वा फुले एकेकट्याने बाजारात नेणाऱ्यास दलाल सांगेल तो भाव घ्यावा लागतो. गाडी एकत्र गेली तर भाडे वाटले जाते आणि बोलण्यास जोर येतो.

गुरे पाळणाऱ्याने केवळ दुधाचा हिशेब धरू नये. शेणखतामुळे वाचलेला पैसाही जमेस धरावा. आणि हंगाम चांगला गेला म्हणजे थोडी रक्कम बाजूस ठेवावी. आपला राखीव निधी आपल्या घरीही असावा.

पतपेढीचे सभासद असणाऱ्यांनी वार्षिक सभेस जावे, हिशेब वाचावा, न समजल्यास विचारावे. सहकारी संस्था बुडाल्याच्या वार्ता आपण ऐकतो. त्या सहकाराच्या तत्त्वाने बुडत नाहीत. ओळखीच्या माणसास नियम सोडून कर्ज दिल्याने, ऐपत असून न फेडल्याने, आणि बाकीच्यांनी डोळे मिटून घेतल्याने बुडतात. जामीन राहणे ही भीड नव्हे, जबाबदारी होय. ज्याचे काम व ज्याचे चारित्र्य आपणांस ठाऊक नाही त्याच्या कागदावर सही करू नये. आणि ज्याचे ठाऊक आहे त्यास अडल्या वेळी नाही म्हणू नये.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कर्जापायी आपल्या महाराष्ट्रात शेतकऱ्यांनी आपला जीव दिला आहे. ज्या घरी असे घडते त्या घराचे दार त्याआधी कित्येक दिवस बंद असते. माणूस लाजेने कोणास सांगत नाही. रायफायझन यांच्या पेढीचा अर्थच असा की कोणाही शेतकऱ्याने आपल्या कर्जाबरोबर एकटे राहू नये. आमच्या धर्मग्रामातील ज्या कोणावर असा प्रसंग असेल त्याने शेजाऱ्यास सांगावे, आपल्या पंचांस सांगावे, आम्हांस सांगावे. आणि ज्यास सांगितले जाईल त्याने उपदेश करण्याआधी जवळ बसावे व हिशेबाची वही उघडावी.

पन्नास वर्षांपूर्वी आमच्या वडीलधाऱ्यांनी विटा वाहून व पैपैसा जमवून हे देऊळ उभे केले. एकट्याने ते कोणासही साधले नसते. तीच एकी आमच्या शेतांत, बागांत व पेढ्यांत नांदो. आमच्या मुलांस जमीन ऋणमुक्त मिळो. आणि पेरणाऱ्यास बी व खाणाऱ्यास अन्न देणारा दयाळू पिता आमच्या कष्टांस यश देवो, अशी त्याच्या चरणी आमची नम्र प्रार्थना आहे.